अकरावीत कॉलेज आणि फाटक्या पुस्तकाचं मनोगत

सप्टेंबरमध्ये आजीला व्हिडिओ कॉलवर मोठ्या ऐटीत सांगितलं की आजी, मी कॉलेजला जायला लागले, तर ती म्हणाली, "अगं मग अकरावीला कॉलेजलाच जातात की, त्यात काय एवढं." झालं. आईने जे कौतुकाने सगळ्या फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं त्यातली हवाच गेली. आणि आजीचं काही चुकलं नाही, महाराष्ट्रात दहावी झाली की शाळा संपली, अकरावी बारावी म्हणजे ज्युनियर कॉलेज. इथे अमेरिकेत अकरावी म्हणजे हायस्कूलचं तिसरं वर्ष, अजून पिवळी बस, अजून बेल, अजून बाथरूमला जायला हॉल पास. तर मी हायस्कूलमध्येही आहे आणि कॉलेजमध्येही आहे, दोन्हीकडे एकाच वेळी, हे समजावता समजावता माझी दमछाक झाली, आणि मागून मावशी म्हणते "म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरलास का?" मावशी, नाही गं. मी नापास झाले नाहीये.

तर एकदाच नीट लिहून टाकते म्हणजे पुढच्या कॉलला लिंक पाठवता येईल. याला इथे ड्युअल एनरोलमेंट म्हणतात, हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स घ्यायचे आणि क्रेडिट दोन्हीकडे धरले जातात. सगळ्यात आधी मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये सुरू केलं, आमच्या वॉशिंग्टन राज्याने १९९० मध्ये कायदा केला आणि त्याला नाव दिलं रनिंग स्टार्ट. अकरावी बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजमध्ये (म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या कोर्सचं सरकारी कॉलेज) जाऊन बसतात, खऱ्या कॉलेजच्या वर्गात, खऱ्या कॉलेजच्या लोकांबरोबर, आणि ट्यूशन फी लागत नाही. पुस्तकं, इतर फी आणि जायचं यायचं मात्र आपलं आपण बघायचं. (हे "जायचं यायचं" लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.)

आणि हिशोब असा की कॉलेजचे पाच क्रेडिट म्हणजे हायस्कूलचा पूर्ण एक क्रेडिट. म्हणजे हायस्कूलमध्ये जे इंग्लिश सप्टेंबर ते जून वर्षभर करायचं ते कॉलेजमध्ये एका क्वार्टरमध्ये, साधारण अकरा आठवड्यांत उरकतं. हे ऐकल्यावर मला वाटलं वा, काय स्वस्तात सौदा आहे. मी इंग्लिशमध्ये कायम चांगली, सहावी झाल्यावर इकडे आले तेव्हा पहिली दोन वर्षं धडपडले पण नंतर एसेला नेहमी ए. म्हणून पहिला कोर्स घेतला तो इंग्लिश& १०१. ते & चिन्ह चुकून पडलेलं नाही बरं का, राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजमध्ये जो कोर्स सारखाच मानला जातो त्याच्या नावात ते असतं. मी पहिल्या दिवशी शेजारच्या माणसाला विचारलं होतं "अँड पुढे काय?" तो इतका हसला की तेव्हापासून आमची ओळखच झाली.

वर्गात आम्ही चोवीस जण. माझ्यासारखे रनिंग स्टार्टचे सहासात असतील, पण ते कोण ते ओळखू येत नाही आणि कोणी सांगतही नाही, सगळे गुपचूप मोठे असल्यासारखे बसतात. बाकीच्यांत एक नेव्हीतून बाहेर पडलेला (हाच तो हसणारा), एक बाई क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट, दोन मुलांची आई, नर्सिंगला जायचंय म्हणून आधीचे कोर्स पूर्ण करतेय, दोघं तिघं रात्रीच्या शिफ्टवरून थेट येणारे. प्रोफेसर बाई म्हणाल्या मला नावाने हाक मारा. मला अकरा आठवड्यांत एकदाही जमलं नाही. मी "प्रोफेसर" च्या पुढे गेले नाही, ईमेलमध्ये तर "हॅलो" लिहून स्वल्पविराम देऊन नाव खाऊनच टाकायचे. इंग्लिशमध्ये सगळ्यांना "यू" असलं तरी माझ्या डोक्यात त्या "त्या"च राहिल्या.

सिलॅबस नऊ पानी. हायस्कूलमध्ये सिलॅबस म्हणजे एक रंगीत कागद, पालकांची सही घ्यायची आणि विसरून जायचं. इथे त्यात सगळं लिहिलेलं, कुठला ड्राफ्ट कधी, उशीर झाला तर किती मार्क जातात, एआय वापरायचं की नाही आणि वापरलं तर कसं सांगायचं, आणि ते एकदा दिलं की संपलं. परत कोणी आठवण करत नाही. तिसऱ्या आठवड्यात मला वाचनाचं एक उत्तर द्यायचं राहिलं, मी वाट बघत होते की कोणीतरी विचारेल, हायस्कूलमध्ये दोन दिवस गेले की टीचर थांबवते, घरी ईमेल जातो, मग आई ओरडते, मग आपण करतो, अशी एक पूर्ण साखळी असते. इथे काहीच झालं नाही. ऑनलाइन गुणपत्रकात शांतपणे शून्य आलं. रागावणं नाही, समजावणं नाही, नुसतं शून्य. मला आई ओरडलेली परवडली असती.

पण मला मुख्य सांगायचंय ते पहिल्या निबंधाबद्दल.

विषय होता लिटरसी नॅरेटिव्ह, म्हणजे तुम्ही लिहायला वाचायला कसे शिकलात त्याबद्दलचा एखादा अनुभव लिहा, चार पानं. मला वाटलं हे तर डाव्या हाताचं काम. रविवारी दुपारी बसले, संध्याकाळी संपवलं. पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे कारण त्याची मला नंतर फार लाज वाटली, इंग्लिशमध्ये होतं पण मराठीत सांगायचं तर "भाषा ही मानवजातीला मिळालेली एक अमूल्य देणगी आहे." ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. ते माझं नाहीच, ते आपल्या सगळ्यांचं आहे.

आमच्या शाळेत निबंध म्हणजे बाई फळ्यावर मुद्दे लिहून द्यायच्या. पावसाळ्यातील एक दिवस, मी पंतप्रधान झाले तर, माझा आवडता सण. मुद्द्यांना वाक्यांत बसवायचं, मध्ये एखादी म्हण, शेवटी सुविचार, अक्षर चांगलं, झाले दहापैकी आठ. नवनीतचं निबंधाचं पुस्तक घरोघरी असायचं, आमच्याकडेही होतं, दादाच्या वेळचं, पेन्सिलीने खुणा केलेलं. इकडे आल्यावर मला वाटलं होतं आता वेगळं काहीतरी असेल. तर इथेही मुद्देच. पाच परिच्छेद, पहिल्यात हुक म्हणजे वाचकाला गळाला लावणारं वाक्य, मग थीसिस म्हणजे आपलं मुख्य म्हणणं आणि त्यात तीन कारणं, मग तीन परिच्छेदात ती तीन कारणं परत, आणि शेवटच्यात "इन कन्क्लूजन" म्हणून तीच तीन कारणं तिसऱ्यांदा. मला हे शिकायला एक आठवडा लागला नाही. साचा बदलला, माती तीच. दोन्हीकडे मी हुशार मुलगी, कारण साच्यात ओतायचं काम मला छान येतं, आणि मी आजपर्यंत त्यालाच लेखन समजत होते.

ड्राफ्ट परत आला. पहिलं पूर्ण पान आणि दुसऱ्याचा अर्धा, त्यावर एक तिरकी रेघ. तिच्याखाली लिहिलेलं, तुझा निबंध इथे सुरू होतो. आणि बाण.

बाण जिथे होता तिथे मी दोन वाक्यांत एक गंमत उरकून टाकली होती. ती अशी. मी सातवीत इथल्या शाळेत आले, इंग्लिश नवीन असलेल्या मुलांच्या वर्गात बसायचे, तेव्हा टीचरने सांगितलं काहीही लिहा, मनातलं लिहा. मला इंग्लिश धड येत नव्हतं, पण निबंध येत होता ना. मी सगळ्यात पाठ असलेला निबंध काढला, फाटक्या पुस्तकाचं मनोगत, आणि मोडक्या इंग्लिशमध्ये उतरवला. आपल्याकडे सगळ्यांनी लिहिलाय तो. मी एक पुस्तक आहे, एकेकाळी माझे खूप लाड व्हायचे, आता मी म्हातारं झालोय, माझी पानं फाटलीत, मी कोपऱ्यात पडून आहे, माझ्याकडे कोणी बघत नाही, मला वाटतं आता आपला शेवट जवळ आला. फक्त मी "मी पुस्तक आहे" हे वाक्य शेवटी ठेवलं होतं, कारण आमच्या बाई म्हणायच्या ओळख शेवटी द्या, वाचणाऱ्याची उत्सुकता टिकते.

टीचर शेवटपर्यंत पोचलीच नसावी. दुसऱ्या दिवशी मला वर्गातून काउन्सेलरकडे नेलं. टिश्यूचा बॉक्स माझ्यासमोर सरकवला. घरी सगळं ठीक आहे का, तुला कोणी त्रास देतं का, तुला कोपऱ्यात बसवतात का. मला अर्धं कळत होतं अर्धं नाही, मी आपली प्रत्येक गोष्टीला "येस" म्हणत होते कारण नवीन शाळेत नो म्हणायचं धाडस नव्हतं. मग आईला फोन. आई ऑफिसमधून धावत आली, तिला वाटलं माझा हात बित मोडला. तो कागद तिच्यापुढे ठेवला, तिने दोन ओळी वाचल्या आणि तिला हसूच आवरेना, आणि काउन्सेलरच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हिची मुलगी असं लिहितेय आणि ही हसतेय. ते निस्तरायला आईला पाऊण तास लागला. आमच्या घरी अजून कोणी तोंड पाडून बसलं की बाबा विचारतात, काय पुस्तक, पानं फाटली का?

ही एवढी गोष्ट मी दोन वाक्यांत संपवली होती. कारण ती "अमूल्य देणगी"च्या मुद्द्यात बसत नव्हती!

दुसरा ड्राफ्ट मी पूर्ण त्याच्यावर लिहिला, टिश्यूच्या बॉक्ससकट. शेवट केला, अशा प्रकारे मला समजलं की प्रत्येक संस्कृती वेगळी असते आणि आपण एकमेकांना समजून घेतलं पाहिजे. त्याच्या बाजूला समासात दोनच शब्द आले. सो व्हॉट?

आता हे मराठीत "मग काय?" असं केलं तर भांडण वाटतं, आणि मला पहिल्यांदा तसंच वाटलं. एवढं मनापासून लिहिलं आणि या बाई म्हणतात मग काय. दोन दिवस मी घुम्यासारखी होते. नंतर त्यांच्या ऑफिस अवर्सना गेले, तेही आई मागे लागली म्हणून, मला वाटायचं ऑफिस अवर्स म्हणजे ज्यांचं काहीतरी चुकलंय त्यांनी जायचं. ऑफिस अवर्स म्हणजे प्रोफेसर खोलीत बसून असतात आणि कोणीही जाऊन बोलू शकतं, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा कोणीच जात नाही, त्या एकट्या सफरचंद खात बसल्या होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत, फक्त विचारलं, टीचरला ते खरं का वाटलं? मी म्हटलं तिला मनोगत हा प्रकार माहीत नव्हता. बरं, मग? मग तिला वाटलं "मी" म्हणजे मीच. बरं, आणि तुला का वाटलं की तिला कळेल? मी गप्प. आणि तेव्हा मला एकदम आजी आठवली, आजीला काही सांगायला लागलं की ती भाजी निवडता निवडता दर दोन वाक्यांनी "बरं, मग?" म्हणते, आणि आपण सांगत जातो, सांगत जातो, आणि शेवटी असं काहीतरी बोलून बसतो जे सुरुवातीला आपल्यालाच माहीत नव्हतं. तो "सो व्हॉट" हा तो "बरं, मग?" होता. टोन तेवढा समासात दिसत नाही.

तिसऱ्या ड्राफ्टच्या आधी पीअर रिव्ह्यू होता, म्हणजे तिघाचौघांचा गट करून एकमेकांचं वाचायचं आणि मत द्यायचं. माझ्या गटात तो नेव्हीवाला आणि ती मेडिकल असिस्टंट बाई. मी मनात तिला मावशीच म्हणायचे. हायस्कूलमध्ये पीअर रिव्ह्यू म्हणजे "गुड जॉब, चेक स्पेलिंग", दोन मिनिटांत संपवून बाकी वेळ फोन. इथे ती बाई चष्मा लावून माझी चार पानं वाचत बसली, एकदा, मग परत मागे जाऊन. तिचा लंच ब्रेक नव्हता, क्लिनिकमधून सुट्टी टाकून ती क्लासला येत होती, आणि ते ती माझं पुस्तकाचं मनोगत वाचण्यात घालवत होती, हे बघून मला खुर्चीत बसवेना. मग म्हणाली, हे बघ, तू मध्येच लिहिलंयस की सगळ्यांनाच हा निबंध माहीत असतो. हे सगळे कोण? मला तर माहीत नाही. पुस्तक बोलतं म्हणजे काय? तुम्हाला शाळेत असं लिहायला का लावतात?

मी तोंडी सांगायला लागले. की आमच्याकडे वस्तूंना बोलायला लावायचा एक निबंधाचा प्रकारच आहे, आत्मकथन म्हणतात, मनोगत म्हणतात, नदी बोलते, झाड बोलतं, शाळेची घंटा बोलते, आणि त्या सगळ्या वस्तू दुःखीच असतात, कोणीही सुखी नसतं, का ते मलाही माहीत नाही. आणि कदाचित मुलांना स्वतःच्या दुःखाबद्दल सरळ लिहिता येत नाही म्हणून पुस्तकाला रडायला लावतात. आणि हे बोलता बोलता मी थांबले, कारण सातवीत मी खरंच कोपऱ्यात बसत होते. खरंच माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. डबा मी लायब्ररीत खायचे. काउन्सेलरने चुकीचं कारण धरलं होतं, पण ती तिथे टिश्यू घेऊन बसली होती ते काही पूर्ण चूक नव्हतं, आणि आम्ही सगळे इतकी वर्षं तिला हसत आलो.

नेव्हीवाला म्हणाला, राइट दॅट डाउन. आत्ता. विसरशील.

मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, मराठी इंग्लिश मिक्स, काय वाटेल ते.

माझी पाळी आली तेव्हा मात्र मी फुसकी निघाले. त्याचा निबंध जहाजावरच्या मॅन्युअल्सबद्दल होता, लेखन कसं असावं तर इंजिन रूममध्ये झोप न झालेल्या माणसालाही कळेल असं, भारी होता, पण तिसऱ्या पानावर तो एकदम वडिलांबद्दल बोलायला लागतो आणि ते कुठून आलं कळत नाही. हे मला दिसत होतं. पण मोठ्या माणसाला, ज्याच्या हातावर दाढीइतके केस आहेत अशा माणसाला, तुझं तिसरं पान चुकलंय हे कसं सांगायचं? मोठ्यांना उलट बोलू नये हे इतकं आत बसलेलं असतं. मी "छान आहे, आवडलं" म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, हे ऐकायला मी पार्किंगचे पैसे भरले नाहीत. मग सांगितलं. त्याने ऐकलं, पान उलटलं, खूण केली. बस. काही आभाळ कोसळलं नाही.

त्या निबंधाला पहिल्यांदा १०० पैकी ७४ होते, शेवटी ९१ झाले. ७४ बद्दल घरी जे झालं ते वेगळंच. आईने मला न सांगता प्रोफेसरांना ईमेल पाठवला, की माझी मुलगी क्लासमध्ये कशी आहे, ७४ का आले, काही एक्स्ट्रा करता येईल का. उत्तर आलं, अगदी नम्र, की विद्यार्थिनीच्या लेखी परवानगीशिवाय मी तिच्या ग्रेडबद्दल बोलू शकत नाही. त्याला फर्पा म्हणतात, १९७४ चा केंद्र सरकारचा कायदा. एरवी अठरा वर्षांपर्यंत शाळेच्या रेकॉर्डचा हक्क पालकांचा असतो, पण मूल कॉलेजात बसलं की कॉलेजच्या रेकॉर्डपुरता तो मुलाकडे जातो, वय सोळा असलं तरी. आईला हे पटेचना. सहलीच्या फॉर्मवर माझी सही लागते, दात काढायला माझी सही लागते, आणि मार्क विचारायला हिची परवानगी? बाबा म्हणाले आता हिच्याकडे अर्ज करू, सोबत दोन फोटो जोडू. मला आधी मज्जा आली, खोटं कशाला बोलू. पण मग रात्री लक्षात आलं की याचा अर्थ उद्या काही बिनसलं तर ईमेलही मलाच लिहावा लागणार, आणि हे ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचे राहणार, पुढे कुठेही अर्ज केला तरी ते दाखवावेच लागतात. त्या रात्री झोप जरा उशिराच आली.

मधला रेटरिकल अॅनालिसिसचा पेपर मी पटकन सांगते कारण तो वाईटच झाला. एखादा लेख घ्यायचा आणि तो वाचकाला कसा पटवतो ते सांगायचं, लेख काय म्हणतो ते नाही. मी तीन पानं लेख काय म्हणतो तेच लिहिलं. अॅरिस्टॉटलचे ईथोस, पेथोस, लोगोस (सांगणाऱ्यावरचा विश्वास, भावना आणि तर्क) हे तीन शब्द मसाल्यासारखे वरून पेरले. ८० मिळाले, आणि ते पण दयेचे असावेत.

शेवटचा मोठा पेपर रिसर्चचा. मी विषय घेतला रनिंग स्टार्ट, आणि थीसिस लिहिला की रनिंग स्टार्ट अनेक कारणांनी विद्यार्थ्यांसाठी फायद्याचं आहे. अनेक कारणांनी! दोन महिने होऊनही हात आपोआप साच्याकडेच जातो. यावेळी मी समासात स्वतःच लिहिलं, बरं, मग? आणि उत्तर सापडलं ते बसमध्ये.

माझा दिवस असा होता की सकाळी हायस्कूलचे दोन पिरियड, मग शहराच्या बसने कॉलेज, चाळीस मिनिटं. पिवळी बस फक्त घर ते हायस्कूल नेते, हायस्कूल ते कॉलेज कोणी नेत नाही. शहरातली बस मला फुकट आहे, वॉशिंग्टनमध्ये सप्टेंबर २०२२ पासून अठरा आणि त्याखालच्यांना बस फ्री आहे, पण फ्री असणं आणि येणं यात फरक आहे. एक बस चुकली की पुढची अर्ध्या तासाने, आणि क्लास तर सुरू झालेला. माझ्या हायस्कूलमधून जे रनिंग स्टार्टला जातात त्यांच्यातले बहुतेक जण गाडीने जातात. माझ्या एका मैत्रिणीला माझ्यापेक्षा चांगलं लिहिता येतं, खरंच, तिने फॉर्मही आणला होता, पण तिला तीन वाजता धाकट्या भावाला शाळेतून घ्यावं लागतं आणि कॉलेजमधून परत यायला दोन बस बदलाव्या लागल्या असत्या. ती नाही आली. तिच्या बाबतीत ट्यूशनचा प्रश्नच आला नाही. मग माझा थीसिस झाला की राज्याने फी माफ केली, पण ज्यांना पोचता येत नाही त्यांच्यासाठी दार अजून बंदच आहे.

हा एकदा हातात आल्यावर शोधायला मजा यायला लागली. लायब्ररीयनने एक तास बसून डेटाबेसमध्ये शोधायचं कसं ते दाखवलं, शब्द अवतरण चिन्हात टाकायचे, एखादा चांगला लेख मिळाला की त्याच्या शेवटची यादी बघून मागे मागे जायचं. तिने विचारलं तुझे सोर्स पीअर रिव्ह्यूड आहेत का, मी म्हटलं हो, मावशीने आणि नेव्हीवाल्याने वाचलंय. ती दोन सेकंद गप्प. मग तिने सांगितलं की इथे पीअर रिव्ह्यूड म्हणजे त्या विषयाच्या तज्ज्ञांनी तपासून छापलेला लेख. एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात आणि नवीन माणसाची फजिती करतात, मी काय करू.

एमएलए फॉरमॅटवर, म्हणजे पेपर कसा मांडायचा आणि सोर्सची यादी कशी द्यायची त्या नियमांवर, मी बोलणार नाही. डबल स्पेस, एक इंच समास, आडनाव आणि पान नंबर उजव्या कोपऱ्यात, हे सगळं ठीक आहे, पण शेवटच्या यादीत दुसरी ओळ आत सरकवायची असते त्या एका गोष्टीने माझे जे दोन तास खाल्ले ते मला परत हवेत.

कॉलेजला कायम आहे असंही वाटत नाही आणि हायस्कूलला आहे असंही वाटत नाही, हेही खरं. कॉलेज सप्टेंबरच्या शेवटी सुरू झालं, हायस्कूल पहिल्याच आठवड्यात, म्हणजे तीन आठवडे मी दुपारी घरी बसून. डिसेंबरमध्ये कॉलेज आधी संपलं, तेव्हा हायस्कूल चालूच. लंचला माझी खुर्ची आता दुसरी कोणी घेते, कोणी मुद्दाम नाही, मी नसतेच ना तेव्हा. कॉलेजमध्ये क्लास संपला की मोठी माणसं कामाला पळतात. मी बसस्टॉपवर सँडविच खाते. याच्यावर उपाय मला सापडलेला नाही, आणि सातवीतल्या लायब्ररीच्या डब्यापेक्षा हे बरंच बरं आहे एवढंच.

शेवटी सगळं एकत्र करून पोर्टफोलिओ द्यायचा असतो, सोबत एक पत्र, की काय बदललं आणि का. ते पत्र मी चार वेळा लिहिलं. कोर्सचा ग्रेड ४ पैकी ३.५ आला, आईने न विचारता मीच सांगितला, लेखी परवानगीसकट. मावशीला नर्सिंगच्या प्रवेशाचं अजून कळलेलं नाही. नेव्हीवाल्याने वडिलांचा भाग काढला नाही, पहिल्या पानावर नेला, आणि तिथे तो इतका चपखल बसला की मला वाटलं हे मी का नाही सुचवलं.

आता जानेवारीत १०२ घ्यायचाय. त्यासाठी दर क्वार्टरला एक फॉर्म भरावा लागतो, त्यावर माझी, आईची आणि हायस्कूलच्या काउन्सेलरची सही. काउन्सेलर सोमवारपर्यंत नाहीयेत, १०२ चा सकाळी आठचाच वर्ग उरलाय, आणि आठला पोचायचं तर सहा पन्नासची बस.